मास्तरांनी नाही म्हटलं

गाडी शिकवण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. बायकोही चारचौघांत मास्तरच म्हणायची. फक्त तिच्या तोंडी त्या शब्दाला थोडी चेष्टेची छटा असायची. शाळा म्हणजे काय, तर बेकरीला लागून एक अरुंद गाळा, त्यात एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, आणि बाहेर उभी केलेली छोटी गाडी. टपावर एल, आणि आत मास्तरांच्या पायाशी जादा ब्रेक. ‘माझा या ब्रेकवर विश्वास आहे, तुमच्यावर नंतर बसेल,’ असं ते नव्या शिकाऊला पहिल्याच दिवशी सांगत.

गाडी मास्तरांची आणि टेबल त्यांच्या बायकोचं. शिकायला येणारे सगळे तिला वहिनीच म्हणत, साठीचे असोत की अठराचे. लायसनचा अर्ज भरून घेणं हे तिचं काम. त्या अर्जात खाली एक प्रश्न असे, मृत्यूनंतर अवयव दान करण्याची तयारी आहे का? बाकी ठिकाणी एजंट लोक तिथे न विचारताच ‘नाही’वर खूण करून मोकळे होत. वहिनी मात्र पेन खाली ठेवून माणसाकडे बघायची.

“हं, बोला. मेल्यावर द्यायचं का काही?”

“अहो वहिनी, अजून गाडीत बसलो नाही आणि तुम्ही मारताय काय?”

“मास्तरांकडे शिकलेला रस्त्यात मरत नाही. पण पुढे कधीतरी मराल की नाही? का अमरपट्टा बांधून आलायत?”

माणूस हसायचा, मग थोडा गंभीर व्हायचा. ती कुणाला गळ घालायची नाही. “हो म्हणा, नाही म्हणा, तुमची मर्जी. पण आज घरी जाऊन बोला. शेवटी तुम्हाला कोण विचारणार आहे? घरच्यांनाच विचारतात.” एवढं बोलून ती पुढच्या रकान्याकडे वळायची.

मास्तरांना हे बिलकूल आवडायचं नाही. “अगं, सकाळी सकाळी धंद्याच्या दारात काय ते मरणाचं पुराण?” ते बाहेरूनच ओरडायचे. मरणाचं नाव काढलं की ते पत्ता विचारत घरी येतं, अशी त्यांची खुळी समजूत होती. माणूस तसा भला होता. बायकोवर जीव होता. पण घरी तिने विषय काढला, की तोंड कडू व्हायचं.

“अहो, ऐका ना. मला काही झालं तर…”

“जेवताना हे बोलायचं?”

“मग कधी बोलायचं? जेवताना नको, झोपताना नको, बाहेर निघताना तर नकोच नको. तुम्हीच वेळ काढून द्या.”

मास्तर टीव्हीचा आवाज वाढवायचे. तीही हट्टी, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करायची आणि पुन्हा टीव्ही मोठा व्हायचा. शेवटी तिने घरी बोलणंच सोडलं. मास्तरांना वाटलं, खूळ गेलं डोक्यातून.

एका दुपारी एका कॉलेजच्या मुलीला तक्त्यावरच्या खुणा समजावून सांगता सांगता वहिनी थांबली. “डोकं फार दुखतंय गं,” म्हणाली आणि खुर्चीत बसली. ती पुन्हा उठली नाही. मास्तर तेव्हा गाडीत होते, कुणाला तरी चढावर गाडी उभी करायला शिकवत. हॉस्पिटलात पोचले तेव्हा तिच्या तोंडात नळी होती आणि यंत्र तिचा श्वास चालवत होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या तपासण्या पुन्हा करून, डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूचं काम कायमचं थांबलंय. हृदय चालतंय ते यंत्राच्या जोरावर, आणि तेही फार वेळ चालणार नाही. थोडक्यात, त्या गेल्यात.

मग एक ठेंगणी, चष्मा लावलेली बाई आली. हॉस्पिटलात अवयवदानाचं काम बघणारी. तिने मास्तरांना बाजूच्या लहानशा खोलीत नेलं, पाणी दिलं, आणि ते पिऊन होईपर्यंत थांबली.

“काका, डॉक्टरांनी सांगितलं ते नीट कळलंय ना?”

“कळलं,” मास्तर म्हणाले. कळलं नव्हतं.

तिने हळू आवाजात सांगितलं, की काकूंची किडनी, यकृत, डोळे दुसऱ्या कुणाला देता येतील. कुणावर सक्ती नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. मग तिने विचारलं, “काकूंनी याबद्दल घरी कधी काही बोलून दाखवलं होतं का?”

मास्तरांच्या डोळ्यांपुढे ते टेबल आलं, खाली ठेवलेलं पेन आलं. अर्धवट तोडलेली सगळी वाक्यं एकदम कानात आली. अर्जावरचं ते विचारणं फक्त कामापुरतं होतं, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं.

“नाही. आमच्यात असं कधी बोलणं झालं नाही.”

शब्दाला शब्द लावून पाहिलं तर ते खरंच होतं.

“तुमची मुलगी आहे ना, तिच्याशी बोलून बघायचंय का? आपण थांबू शकतो.”

“ती वाटेत आहे. तिला यात ओढायचं नाही. तुम्ही हिला हात लावू नका. नको. नाहीच.”

बाईने वाद घातला नाही. “ठीक आहे काका,” म्हणाली आणि त्यांना वहिनीच्या पलंगापर्यंत पोचवून गेली. मास्तरांनी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली होती. ती वायाच गेली. पुढे कितीदा तरी त्यांना वाटायचं, तिने एकदा तरी आग्रह करायला हवा होता. मग त्यांचं त्यांनाच कळायचं की ही पळवाट आहे.

दुपार व्हायच्या आत वहिनीचं हृदय आपोआप थांबलं.

लेक दूरच्या शहरात नोकरीला होती, ती संध्याकाळी पोचली. आईजवळ बसून मनसोक्त रडून झाल्यावर तिने मान वर केली.

“बाबा, त्यांनी विचारलं होतं का?”

मास्तरांना कशाबद्दल ते सांगावं लागलं नाही. “हो.”

“मग?”

“मी नाही म्हटलं.”

“निदान डोळे तरी?”

“त्याचीही वेळ गेली आता.”

“आई मला फोनवर दर वेळी सांगायची. म्हणायची, तुझ्या बाबांना सांगायला गेलं की ते टीव्ही मोठा करतात, तेव्हा तूच लक्षात ठेव. मी ठेवलं होतं लक्षात. तुम्ही फक्त मला एक फोन करून विचारायचं होतं.”

“मला काय माहीत, तिच्या मनात…”

“तुम्हाला माहीत होतं, बाबा.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. सगळं आटोपल्यावर ती परत गेली, आणि तिचे फोन आखूड झाले. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते.

शाळा पुन्हा उघडली त्या सकाळी बेकरीवाले आत आले. मास्तरांकडे गाडी शिकताना त्यांनी भर रस्त्यातला विजेचा खांब वाकवला होता, तेव्हापासून त्यांना सगळे खांबकाका म्हणत. वहिनीच्या टेबलावर त्यांनी ताज्या पावाची पिशवी ठेवली आणि डोळे पुसले.

“वहिनी गेल्या, फार वाईट झालं. पण एक समाधान आहे मास्तर. कुठेतरी, कुणाच्या तरी पोटात त्या चालू आहेत. काय काय दिलंत हो?”

खांबकाकांच्या मनात शंकेला जागाच नव्हती. जिने अख्ख्या वस्तीला विचारलं, तिचं दान झालं नाही हे त्यांच्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं.

“दिलं,” मास्तर म्हणाले. “जे देण्यासारखं होतं, ते दिलं.”

खांबकाकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “धन्य आहात.”

उद्या सांगून टाकू, असं मास्तरांनी ठरवलं. पण खांबकाकांच्या पोटात पाव फुगतो, गोष्ट राहत नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत ती बेकरीतून वाण्याकडे, वाण्याकडून शिवणक्लासात गेली होती. लोक थांबून नमस्कार करू लागले. ज्यांनी पूर्वी वहिनीला हसण्यावारी नेलं होतं, ते आता घरी बोलून, नाव नोंदवून येऊ लागले. खांबकाकांनी स्वतःचं आणि बायकोचं नाव नोंदवलं. आता खरं सांगणं म्हणजे या सगळ्यांना तोंडघशी पाडणं, असं मास्तरांनी मनाला पटवलं. मन काय, पटायला तयारच होतं.

त्याहून वाईट म्हणजे, त्यांना ते गोड वाटू लागलं. एकट्याने जेवताना ते कल्पना करत, की एखादी बाई वहिनीच्या डोळ्यांनी सुईत दोरा ओवतेय, एखादा माणूस तिच्या किडनीमुळे खूप वर्षांनी पोटभर पाणी पितोय. त्या माणसांना ते हळूहळू चेहरे देऊ लागले. आणि मग ताट धुताना एकदम आठवायचं की असं कुणीच नाही.

वर्ष उलटायच्या आत खांबकाकांनी घाट घातला. वस्तीच्या सभागृहात अवयवदानाची माहिती द्यायची, हॉस्पिटलच्या लोकांना बोलवायचं आणि मास्तरांचा सत्कार करायचा. मास्तरांनी ताप आल्याचं सांगितलं, गाडी बिघडल्याचं सांगितलं. खांबकाका त्यांना घरून हाताला धरून घेऊन गेले.

पहिल्या रांगेत एक कृश माणूस बसला होता, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. त्याच्या हाताला पट्टी होती. मास्तर जाताना त्याने उठून त्यांचा हात धरला.

“माझं नाव किडनीच्या यादीत आहे,” तो म्हणाला. “आठवड्यात कितीदा तरी डायलिसिसच्या मशीनवर जावं लागतं, पाणीही मोजून प्यावं लागतं. तुमच्या घरासारखी आणखी घरं निघाली ना, तर आमच्यासारख्यांचं काहीतरी होईल. तेवढंच सांगायचं होतं.”

मास्तर कसेबसे मंचावर चढले आणि तिथेच थबकले. टेबलामागे ती ठेंगणी, चष्मेवाली बाई बसली होती.

तिने त्यांना ओळखलं. निवेदक तेव्हाच माईकवर सांगत होता, “ज्यांनी पत्नीच्या निधनाच्या दुःखातही मोठ्या मनाने तिचे अवयव दान केले…” बाईने एकदा निवेदकाकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. एका शब्दाने ती त्यांना उघडं पाडू शकली असती. तिने समोरचा पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला आणि नजर खाली वळवली. आपली लाज तिला वाटतेय, हे मास्तरांना कळलं, आणि ते काही त्यांच्याने सोसवेना.

पुष्पगुच्छ त्यांनी घेतला नाही. माईक घेतला.

“मी काही दिलेलं नाही,” ते म्हणाले. “या बाईंनी मला विचारलं होतं. चांगलं विचारलं होतं. मी नाही म्हटलं.”

खाली आधी कुणाला समजलंच नाही. एकजण टाळ्या वाजवायला लागला आणि थांबला.

“माझी बायको तुम्हा सगळ्यांना विचारायची. मला सांगायला यायची तेव्हा मी टीव्ही मोठा करायचो. तिची इच्छा मला ठाऊक होती. तरी मी सांगितलं, की आमचं बोलणं झालं नाही. नंतर खांबकाकांनी विचारलं, तेव्हा हो म्हणालो. तेही खोटं. तुम्ही नावं नोंदवलीत, छान केलंत. पण शेवटी तुमची सही कुणी विचारत नाही. माझ्यासारख्याला विचारतात. तो माझ्यासारखा तुमच्या घरात कोण आहे ते बघा, आणि त्याला आधी ऐकायला बसवा.”

ते खाली उतरले. वाट करून द्यायला माणसं बाजूला झाली. कुणी पाठीवर हात ठेवला नाही, आणि कुणी ठेवावा अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. दाराशी बाईने त्यांना गाठलं.

“त्या दिवशी यादीत कोण होतं?” मास्तरांनी विचारलं.

“ते सांगता येत नाही, काका.”

“कुणीतरी होतं ना?”

“कुणीतरी असतंच,” ती म्हणाली.

घरी जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बरं केलंत. पण मला अजून राग आहे.”

“असू दे. तुझं काय आहे ते सांग. तुला काही झालं तर काय करायचं ते. मी ऐकतोय.”

तिने सांगितलं. बापाला लेकीच्या तोंडून ते ऐकणं म्हणजे काळजाचं पाणी होणं. पण त्यांनी मध्ये हूं की चूं केलं नाही.

“आणि तुमचं?” तिने विचारलं.

“माझं काय, जुनी गाडी. जे पार्ट चालतील ते काढून घ्या.”

ती हसली. हसता हसता रडली. त्या दिवसापासून फोन थोडे लांबले, पण आईचा विषय निघाला की अजूनही मध्येच ‘ठेवते’ येतं.

खांबकाका किती तरी दिवस शाळेसमोरून मान वळवून जात. शेवटी एकदा पाव घेऊन आले. “माझं गावभर हसं करून ठेवलंत,” म्हणाले. “नाव काढून टाकणार होतो. बायको म्हणाली, मास्तर खोटं बोलले, वहिनी नाही. तेव्हा राहू दिलंय.” पिशवी ठेवून ते न बसताच गेले.

पेंटर मात्र त्याच आठवड्यात आला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “हा एल कुणी काढलाय? एका पायाने लंगडतोय.”

“तुम्हाला माझा राग नाही आला?”

“आला ना. चांगला आला. म्हटलं, जाऊन दोन शब्द ऐकवावेत. मग इथपर्यंत चालत आलो तर दम लागला. आता राग करू की श्वास घेऊ?”

मास्तरांनी त्याला गाडीत बसवून घरी सोडलं. तेव्हापासून पेंटरच्या बायकोला कामावर जायचं असेल त्या दिवशी मास्तरच त्याला हॉस्पिटलला नेऊ लागले. लंगडा एल त्याने नीट रंगवून दिला.

एका सकाळी पेंटरच्या बायकोचा फोन आला. हॉस्पिटलने ताबडतोब बोलावलंय, किडनी मिळण्यासारखी आहे. मास्तरांनी शिकायला आलेल्याला फुटपाथवरच उतरवलं आणि गाडी काढली. आयुष्यभर लोकांना ‘सावकाश’ शिकवणारा माणूस त्या दिवशी दोनदा पिवळा सिग्नल तोडून गेला. पेंटर खिडकीबाहेर बघत होता. “पाणी प्यायचंय,” एवढंच म्हणाला. “मोठ्या तांब्याने.”

तपासण्या झाल्या. मग बाकावर नुसती वाट बघणं. दुपारी ती चष्मेवाली बाई आली. ती येताना तिचा चेहरा बघूनच पेंटरची बायको उठून उभी राहिली.

“आज होणार नाही,” बाई म्हणाली. “आधी होकार होता. आता घरच्यांचा विचार बदललाय.”

पेंटरने मान हलवली, जणू कुणी दुकान बंद असल्याचं सांगितलं असावं. पिशवी उचलली आणि जिन्याकडे चालू लागला.

परतताना गाडीत पेंटर म्हणाला, “राग येत नाही हो. त्यांच्या घरी तर माणूस गेलंय. फक्त एकदा कुणाला तरी विचारावंसं वाटतं, नाही म्हणताना नेमकं काय दिसत असेल त्यांना?”

“नका ना आता,” मागून त्याची बायको म्हणाली.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, लेकीनेही नाही.

“हात गरम असतो,” ते म्हणाले. “मी तिचा हात धरून बसलो होतो आणि तो गरम होता. बोटाला शाई लागलेली होती, अर्ज भरतानाची. डॉक्टर सांगतात गेली, आणि हात तर झोपेतल्या माणसाचा. एवढंच दिसतं. त्या हातापलीकडे काही दिसत नाही. तुम्ही दिसत नाही. तुम्ही कुठेतरी पिशवी भरून बसलाय, हे कुणी सांगितलं तरी दिसत नाही.”

रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या. पेंटरच्या बायकोने तोंडावर पदर घेतला होता.

“तुम्ही मला दिसायला हवे होतात,” मास्तर म्हणाले.

थोड्या वेळाने पेंटरनेच त्यांच्या खांद्याला हात लावला. “चला. उद्या सकाळी परत मशीन आहे.”

मास्तरांनी आरसा पाहिला, वळणाचा दिवा लावला, आणि मागची गाडी जाऊ देऊन रस्त्याला लागले. पेंटरचं नाव अजून यादीत आहे.